एका पावलाला पाव तास

‘करकर’ या कंपनीच्या आठव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, नांदेडच्या उषाताई लोहकरे यांचा उजवा पाय मोबाईलमधून बाहेर आला.

त्या वेळी कोल्हापुरातल्या ऑफिसात नयना सातपुते स्टँडवर लावलेल्या मोबाईलसमोर उभी राहून कोल्हापुरी चपला विकत होती. कंपनीचं कामच ते होतं. रोज अकरा ते एक व्हिडिओवर चपला दाखवायच्या आणि बघणाऱ्यांनी त्या घरबसल्या मागवायच्या. बघणारे पुष्कळ होते, मागवणारेही होते, पण निम्मी पार्सलं आठवड्याभरात परत यायची. अंगठा घट्ट होतो, टाच बाहेर जाते, पट्टा चावतो. मागच्या खोलीत परत आलेल्या खोक्यांची चळत छताला टेकली होती. सुभाषनगरातल्या ज्या अकरा घरांतून चपला यायच्या, त्यांतल्या चार घरांनी नवे जोड करणं थांबवलं होतं. आपल्या हातची वस्तू परत आलेली बघायची त्यांना सवय नव्हती.

उषाताईंचा पाय पोटरीपर्यंत बाहेर आला आणि थांबला. बोटात जोडवी होती, टाचेला बारीक भेगा होत्या. मोबाईलची रुंदी सात सेंटिमीटर होती आणि पायाची नऊ. कॅमेरा आणि कॉम्प्युटरचं सगळं बघणारा नयनाचा भागीदार इंद्रजित याने दोन्ही मापं दोनदा घेतली, वहीत लिहिली आणि तो माइकचा आवाज तपासायला गेला.

“ताई, तुमचा पाय इकडे आलाय,” नयना म्हणाली.

“वाटलंच मला,” उषाताई नांदेडहून म्हणाल्या. “आता आलाच आहे तर ती लाल गोंड्याची घालून बघा बरं.”

नयनाने घातली. उषाताईंनी सात नंबर मागितला होता, चप्पलही सात नंबरचीच होती, आणि ती बसत नव्हती.

तेव्हा शेवंताआत्या उठली. ही नयनाच्या वडिलांची थोरली बहीण. वयाच्या नवव्या वर्षापासून ती चपलांच्या वेण्या घालत आली होती. ऑफिसात तिची जागा कॅमेऱ्याच्या मागे, सुटलेले टाके घालायला. व्हिडिओत यायला तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिने पायाखाली पाट सरकवला, पाटावर कागद ठेवला आणि कडेकडेने पेन्सिल फिरवून पाऊल काढून घेतलं. मग डावा मागितला. उषाताईंनी उजवा आत घेऊन डावा दिला. तो अर्ध्या बोटाने मोठा निघाला.

“दोन पायास्नी एकच माप कुणी सांगितलं हुतं?” आत्याने विचारलं.

नयनाने सांगितलं होतं. कंपनी काढली तेव्हा चार रात्री जागून तिने मापांचा रंगीत तक्ता केला होता, तो चौकटीत घालून भिंतीवर लावला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला होता. त्या दुपारी तिने तो स्वतःच उतरवला. खिळा राहू दिला.

बुधवारी सात पाय आले आणि शुक्रवारी एकतीस. एकाच मोबाईलमधून एका वेळी एकच पाय येऊ शकत असल्यामुळे नंबर लावावे लागले आणि व्हिडिओ संध्याकाळपर्यंत चालू ठेवावा लागला. लातूरच्या एका गृहस्थांनी घाईत दोन्ही पाय एकदम घातले आणि ते कमरेपर्यंत कोल्हापुरात आले. त्यांना परत सारायला इंद्रजित आणि कुरिअरवाला यांना मिळून वीस मिनिटं लागली. गृहस्थ सज्जन होते, त्यांनी दोन जोड घेतले. पण त्या दिवसापासून व्हिडिओच्या सुरुवातीला नयना एक सूचना वाचून दाखवू लागली : कृपया एका वेळी एकच पाय द्यावा, पाय धुऊन कोरडा करून द्यावा, आणि पाय इकडे असताना तिकडे उठून उभं राहू नये.

दुसऱ्या आठवड्यात दुकान निरीक्षक आले. त्यांचा प्रश्न रास्त होता. पाय कोल्हापुरात आणि बाकीचा माणूस जालन्यात असेल, तर गिऱ्हाईक दुकानात आहे असं धरायचं की नाही? त्यांनी खुर्चीत बसून नियमांचं पुस्तक वाचलं. त्यात ‘दुकानात पाऊल ठेवणारी व्यक्ती’ असे शब्द होते, आणि उरलेल्या शरीराबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी दुकान नियमात बसत असल्याचा शेरा दिला. मोबाईलखाली पायपुसणं टाकायला आणि एक नोंदवही ठेवायला सांगितलं : पायाचं गाव, उजवा की डावा, आगमन, निर्गमन.

वहीत त्रेसष्टाव्या ओळीवर परभणीचे दत्तराव गव्हाणे आहेत. निवृत्त पोस्टमन. त्यांचं पाऊल रुंद होतं आणि तळवा दगडासारखा टणक. आत्याने ते कागदावर उतरवलं आणि डावा मागितला. 

“डावा नाही, बाई,” दत्तराव म्हणाले. “बारा वर्षं झाली. माझं अर्धंच काम आहे.”

इंद्रजितने कॉम्प्युटरवर त्यांचं नाव शोधलं. ते आधीही होतं. तीन वेळा त्यांनी जोड मागवला होता आणि तिन्ही वेळा फक्त डावी चप्पल परत पाठवली होती, कोरी, सोबत एक चिठ्ठी घालून. एकही चिठ्ठी कुणी वाचली नव्हती. कॉम्प्युटरने मात्र त्यांना फसवणूक करणाऱ्यांच्या यादीत टाकलं होतं. नयना मागच्या खोलीत गेली, खोकी उतरवत गेली आणि चौथ्या रांगेत तिला त्यांतली एक चिठ्ठी मिळाली. सुरेख अक्षरात लिहिलं होतं : ‘ही दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. उजवी उत्तम आहे, थोडी आखूड.’

ती चिठ्ठी तिने खोक्यांमध्येच बसून दोनदा वाचली. बाहेर आली तेव्हा दत्तरावांचा पाय पाटावर शांतपणे वाट बघत होता. तिने त्यांची माफी मागितली आणि नाव यादीतून काढायला लावलं. एकच चप्पल करून देऊ, थोडी लांब, असंही सांगितलं. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सुभाषनगरात पोचली. काम थांबवलेल्या चारही घरांतून माणसं आली आणि ती एक चप्पल कुणी करायची यावरून त्यांच्यात चांगलीच वादावादी झाली. शेवटी एकाने तळ कापला, दुसऱ्याने शिवला, तिसऱ्याने पट्टा लावला आणि चौथ्या घरातल्या सुनेने वेणी घातली. तयार चप्पल आत्याने उजेडात धरून फिरवून पाहिली, आणि तिला त्यात एकही टाका पुन्हा घालावा लागला नाही.  त्या दिवशी नयनाची मान जी ताठ झाली, ती झालीच.

परत येणारी पार्सलं कमी होत होत थांबली. ही बातमी ऐकून कंपनीचे गुंतवणूकदार कपाडिया मुंबईहून आले. त्यांनी दोन तास उभं राहून काम पाहिलं, आणि त्यांना ते मनापासून आवडलं. फक्त एका पावलाला पाव तास लागतो, हे त्यांना जास्त वाटलं. पाच मिनिटांत झालं पाहिजे, म्हणजे तासाला बारा पाय होतील आणि पुढे वीस मोबाईल लावता येतील. आत्याच्या जागी माप घेणारं यंत्र बसवावं. त्यांचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं, म्हणून नयनाने एक आठवडा तसं करून पाहिलं. यंत्राने पावलं बिनचूक मोजली. पण चालून चालून करंगळी कुठे दुखते, तळव्याला कुरूप कुठे आहे, हे त्याला आत्यासारखं विचारता येत नव्हतं, आणि पायांनाही ते सांगायला सवड मिळत नव्हती. पुढच्या सोमवारी सत्तावीस पार्सलं परत आली.

नयनाने कपाडियांना फोन केला. वाक्य तिने आधीच ठरवलं होतं.

“साहेब, पाव तासच लागतो. त्याच्याहून कमी लागत नाही.”

कपाडियांनी सभ्यपणे अंग काढून घेतलं. शेवटची कागदपत्रं करायला ते पुन्हा आले, तेव्हा जाताजाता दाराशी थांबून म्हणाले, माझंही माप घेता का? आत्याने वही उघडून दाखवली. दारातून चालत आलेल्या पायांसाठी तीत रकाना नव्हता. तिने त्यांना मुंबईला जाऊन नंबर लावायला सांगितलं. त्यांनी लावला. गुरुवारी दुपारी बारा चाळीसला त्यांचा पाय आला, आणि त्यांच्या दोन्ही टाचांत फरक असल्याचं त्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं.

कपाडियांचे पैसे गेल्यामुळे काचेचं ऑफिस सोडावं लागलं. मोबाईल, पाट आणि नोंदवही आत्याच्या घरी सोप्यात आली. दिवसाला आठ माणसांची पावलं घेतली जातात, नवव्याची घेतली जात नाहीत. अकराच्या अकरा घरं कामाला लागली आहेत आणि आणखी दोन घरांनी विचारलं आहे.

या वर्षी पुण्यातल्या नवउद्योजकांच्या मेळाव्यात नयनाला बोलावलं होतं. विषय दिला होता ‘अपयशातून मिळालेले पाच धडे’. तिने कळवलं की आपल्याकडे धडा एकच आहे, आणि तो आपला नाही, आत्याचा आहे. चालेल म्हणाले. आत्याला बस लागते, म्हणून ती आली नाही. नयनाने मंचावर मोबाईल उभा केला, कोल्हापूरशी व्हिडिओ जोडला आणि चारशे लोकांसमोर म्हणाली, “आत्या, जरा पाय दे.”

आत्याचा उजवा पाय टेबलावर आला. घोट्याशी हिरवट गोंदण, बोटं जराशी वाकडी, पायात स्वतःच केलेली चप्पल. नयनाने वाकून नमस्कार केला. पहिल्या रांगेतले लोक उठून उभे राहिले, मग मागचे.

“ज्याला विकायचंय त्याचं पाऊल आधी हातात घ्या,” नयना म्हणाली. “एवढंच शिकले मी.”

पाय दोन मिनिटं टेबलावर होता. मग तिकडे दूध उतू जायला लागलं म्हणून तो परत गेला, आणि नयनाने कुणाला काही शंका आहेत का ते विचारलं.