दोनदा खाकरलं की ब्रेक

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस हॉर्न वाजवत नाही! "हॉर्न म्हणजे काय?" असं ते पहिल्याच दिवशी विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकत, "हॉर्न म्हणजे खाकरणं! कुणाच्या दारात गेलं की आपण बोंब ठोकतो का? नुसतं खाकरतो. आतल्याला कळतं, कुणीतरी आलंय. रस्त्यावरही तेवढंच!"

नुसतं सांगून ते थांबत नसत. शिकवायच्या गाडीतल्या हॉर्नची वायरच त्यांनी काढून ठेवली होती. वळण आलं की शिकणाऱ्याने हॉर्नऐवजी खाकरायचं. मास्तर स्वतःही कधी ओरडत नसत, कारण ओरडलं की शिकणारा बिचकतो. ते एकदा खाकरले की वेग कमी करायचा, दोनदा खाकरले की ब्रेक. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, ही गाडी थेट दवाखान्यात चालली आहे.

आणि आता खुद्द त्यांची बायकोच परीक्षेला बसत होती, तीही तिसऱ्यांदा! आधीच्या दोन्ही वेळा मैदानातच, गाडी मागे घेताना खांब पाडून ती परत आली होती. रस्त्यापर्यंत मजल गेलीच नव्हती. पण या खेपेला प्रश्न हौसेचा नव्हता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बालवाडीत तिला नोकरी मिळाली होती. तिकडे बस जात नव्हती, आणि तिथल्या मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "सोमवारी स्वतःच्या स्वतः येऊ शकणार असाल तर या, नाहीतर मी दुसरी बघते." कित्येक वर्षांनी ती घराबाहेर काम करणार होती. आठवडाभर भांडी घासतानासुद्धा ती बडबडगीतं गुणगुणत होती, आणि ती ऐकून मास्तरांची काळजी वाढत होती. तोंडाने मात्र ते म्हणत, "अगं, माझी विद्यार्थिनी आहेस तू! डोळे झाकून पास होशील."

"उघडे ठेवले तर चालतील ना?" ती विचारी.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी हॉर्नची वायर जोडली. "जोडली आहे हं. नियम आहे म्हणून. पण वाजवायची वेळ येऊ देऊ नकोस. चार लोकांत माझी अब्रू आहे."

मैदानातला खांब या वेळी जागच्या जागी उभा राहिला. मास्तर मनातल्या मनात उडीच मारणार होते. मग परीक्षक साहेब तिच्या शेजारी बसले. मास्तर मागे.

"मास्तर, बसा हवं तर," साहेब म्हणाले, "पण तोंडातून एक शब्द निघता कामा नये."

"छे हो साहेब! मी कशाला बोलतोय!"

साहेबांच्या गळ्याला मफलर गुंडाळलेला होता. मास्तरांनी तो पाहिला, पण त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला नाही. तिथेच घात झाला.

पहिलं वळण आलं. "खं!" बायको खाकरली.

"पाणी हवंय का?" साहेबांनी विचारलं.

"नको. वळण आहे."

साहेब विचारात पडले. तेवढ्यात त्यांच्याही घशात खवखवलं. "खं! खं!"

गाडी जागच्या जागी थांबली! मागून येणाऱ्या पावाच्या व्हॅनने कचकन ब्रेक मारला आणि असा हॉर्न ठोकला की झाडावरचे पक्षी उडाले.

"बाई, का थांबलात?"

"तुम्हीच सांगितलंत ना!"

"मी? मी अवाक्षर काढलं नाही!"

"तेही खरंच," असं म्हणून तिने गाडी पुढे काढली.

पन्नास पावलं गेली नाहीत तोच साहेब पुन्हा दोनदा खाकरले. गाडी पुन्हा थांबली. मागून पाववाल्याचा हॉर्न! मास्तर मागच्या सीटवर घामाघूम झाले. हिला सांगावं तरी कसं, की बाई गं, साहेबांना सर्दी झाली आहे! एक शब्द बोलायची सोय नव्हती. हॉर्नच्या विरोधात जन्म घालवलेला माणूस तो, स्वतःच्या बायकोला साधी हाक मारू शकत नव्हता. अशा वेळी माणसाचा घसा कोरडा पडणारच. पडला. मास्तर खाकरले.

दोनदा.

गाडी थांबली. साहेबांनी सावकाश मान मागे वळवली. "अस्सं! म्हणजे खुणा ठरल्या आहेत तर!"

"नाही हो साहेब, ती माझी शिकवायची पद्धत..."

"बोललात! उतरा खाली! परीक्षा रद्द!"

मास्तरांनी मुकाट्याने दाराच्या कडीला हात घातला. पण बायकोने स्टिअरिंग सोडलं नाही. "साहेब, ह्यांना खुशाल उतरवा. पण मला चालवू द्या. सोमवारी माझी शाळा आहे हो."

'माझी शाळा' हे तिने अशा काही आवाजात म्हटलं की साहेबांनी मफलर सैल केला. "एक फेरी. ह्यांच्याशिवाय. आणि मी खोकून खोकून मेलो तरी थांबायचं नाही!"

गाडी गेली. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर व्हॅन लावून पाववाला तावातावाने मास्तरांकडे आला. "काय हो, थांबायचे क्लास घेता काय?"

मास्तरांना बायकोची काळजी जाळत होती, आणि काळजी वाटली की ते उपदेश करत. त्यांनी त्याला दारातल्या खाकरण्यापासून सगळं ऐकवलं. नवल म्हणजे पाववाला निवळला. "आमची ही पण तेच म्हणते," तो हळूच म्हणाला, "की तुम्ही घरात हॉर्न वाजवल्यासारखे बोलता." एवढा चांगला श्रोता बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. हातवारे करत मास्तर मागे मागे सरकत गेले, आणि वळणावर, रस्त्याच्या मधोमध, गाड्यांकडे पाठ करून उभे राहिले.

"पॉंऽऽऽऽऽऽ!"

साधासुधा हॉर्न नव्हता तो! संसारात आजवर गिळलेलं सगळं त्यात होतं. मास्तर उडाले ते थेट कडेच्या कुंपणाच्या झुडपात!

गाडी शिस्तीत बाजूला थांबली. साहेब खाली उतरले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"पास! हॉर्न कधी वाजवावा आणि कुणाला वाजवावा, याची इतकी नेमकी जाण मी पाहिली नाही. कुठे शिकलात?"

तिने झुडपाकडे बोट दाखवलं. "ह्यांच्याकडेच."

साहेब खोकत खोकत चालत निघून गेले. मास्तर केसांतली पानं झाडत तिच्या शेजारी येऊन बसले. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. अब्रू गेली होती खरी, पण त्यांना चक्क बरं वाटत होतं. "चला, मोठ्या बाईंना सांगून येऊ," ते म्हणाले.

तिने गाडी काढली. पाठोपाठ व्हॅनही निघाली. पाववाल्याला पुढे जायची घाई होती. सवयीने त्याचा हात हॉर्नवर गेला, पण आत्ताच ऐकलेलं आठवून त्याने तो मागे घेतला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून, अगदी अदबीने, तो खाकरला.

दोनदा.

धाड्‌! मास्तरांच्या गाडीचा मागचा बंपर निखळून रस्त्यावर पडला आणि त्याच्याभोवती पाव गडगडत गेले. मास्तर दार उघडून धावत मागे गेले. बंपरकडे बघितलं, पावांकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदाच घसा साफ न करता बोलले:

"अहो, जरा हॉर्न द्यायला काय झालं होतं?"