एकशे सतरा नंबरच्या रेड्याचं वजन

एकशे सतरा नंबरचा रेडा जे खायचा, ते दस्तगीर मुल्लांच्या अंगी लागायचं.

जतच्या माळावर एका कंपनीचे रेडे पोसायचे गोठे होते. दोनेकशे किलोची जनावरं यायची, मुरघास आणि पेंड खायची आणि तीनशे वीस किलो भरली की ट्रकने कत्तलखान्याकडे जायची. दस्तगीर तिथे वैरण घालत. एकशे सतरा आला तेव्हा प्रवासाने इतका खंगलेला होता की उठत नव्हता. दस्तगीरांनी आठ दिवस त्याला हाताने पेज पाजली. नवव्या दिवशी तो उठला, पोटभर खाऊ लागला आणि दोनशे पाच किलोवरच राहिला.

डॉक्टर नलिनी खोत दर सोमवारी जनावरं तपासायला यायच्या. त्यांनी रेड्याचं शेण तपासलं, जंताचं औषध दिलं, दात पाहिले. जनावर ठणठणीत होतं. मग त्यांचं लक्ष दस्तगीरांच्या सदऱ्याकडे गेलं. पोटावरच्या दोन गुंड्या तुटल्या होत्या. त्यांनी दस्तगीरांना काट्यावर उभं केलं.

"कामाला लागलात तेव्हा किती होतं, चाचा?"

"चोपन्न."

"आता एकोणऐंशी आहे."

रेड्याला एवढ्या दिवसांत पंचवीस किलोच चढायला हवे होते.

"तुम्ही जेवण कमी करा," डॉक्टर म्हणाल्या.

"जेवतोय कुठं, बाई? महिना झाला, भूकच न्हाई."

रेड्याची वैरण तोडायची, तर ती उपासमार झाली असती. जनावर उपाशी ठेवू नये, अशी पाटी डॉक्टरांनीच गोठ्यात लावली होती. त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

मॅनेजर बिडकरांनी मुख्य कचेरीला कळवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पोसून वाढलेलं वजन कंपनीचं आहे. ते ज्याच्या अंगावर असेल त्याच्यासह जनावर मोजावं आणि त्याच्यासहच रवाना करावं. तेव्हापासून दर सोमवारी दोघं एकत्र काट्यावर चढू लागले. काटा हलू नये म्हणून दस्तगीर रेड्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत.

एका सोमवारी तीनशे वीस भरले. मंगळवारी सकाळी ट्रक आला.

"मला माघारी कधी सोडणार?" दस्तगीरांनी विचारलं.

बिडकरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "परतीचा रकाना नाहीये यात," ते म्हणाले.

दस्तगीरांनी मान डोलावली. दुपारची वैरण कुणी घालायची, एवढं त्यांनी विचारून घेतलं.

प्रवासाला योग्य असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय ट्रकमध्ये काही चढवता येत नसे. डॉक्टरांनी दस्तगीरांना गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. ते सरळ चालले.

"गुडघे दुखतात?"

"न्हाई."

"एकशे पंधरा किलो आहात तुम्ही. दुखायला हवेत."

"दुखत न्हाईत, तर खोटं कसं सांगू?"

डॉक्टरांनी पेन उघडलं, पण कागदावर टेकवलं नाही. ड्रायव्हरने ट्रक सुरू केला.

"परत एकदा चाला, चाचा."

दस्तगीर चालले. या वेळी डॉक्टर त्यांच्याकडे बघत नव्हत्या. रेडा जागेवरच उभा होता, पण दस्तगीरांचं पाऊल पडलं की तो मागचा डावा पाय उचलून धरत होता. डॉक्टरांनी त्याचा सांधा चाचपला. तो सुजला होता आणि गरम लागत होता.

त्यांनी कागदावर 'अयोग्य' असं लिहिलं.

"वजन तर भरलंय," बिडकर म्हणाले.

"भरलंय. पण लंगडं जनावर चढवता येत नाही."

"मग एकट्या दस्तगीरांना पाठवू."

"जनावरासह रवाना करावं, असं तुमच्याच पत्रात आहे."

बिडकरांनी पत्र काढून पुन्हा वाचलं. तसंच होतं. "किती दिवस लागतील?"

"सूज उतरेपर्यंत."

बाकीचे रेडे घेऊन ट्रक गेला. मग दस्तगीर डॉक्टरांजवळ आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, माझ्यापायी झालं का हे त्याला?"

"तुम्ही चाललात की त्याला दुखतं," डॉक्टर म्हणाल्या.

दस्तगीरांनी तिथेच चपला काढल्या आणि ते जवळच्या बाजेवर बसले. रेड्याने पाय खाली टेकला आणि गव्हाणीत तोंड घातलं.