होल्डवर ठेवलेलं कोडं

सोनवणे काकांनी माझ्या लग्नाच्या अल्बमला पिवळा टॅग बांधला आहे. एका फोटोत हॉलमधलं घड्याळ मुहूर्त टळून अकरा मिनिटं झाल्याचं दाखवतं आणि अक्षता अजून लोकांच्या हातातच आहेत. "होल्ड," काका म्हणाले. "खुलासा आला की बघू." लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं झाली, खुलासा अजून द्यायचाय.

मोशीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काका एकटे राहतात. त्यांची हयात कंपनीत माल तपासण्यात गेली. हिरवा टॅग म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे थांबा. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, काका उरलेले टॅग घेऊन आले. माझी शेवग्याची आमटी दोनदा लाल झाली आहे. तरी वाटी चाटूनपुसून परत येते, हा भाग वेगळा.

त्यांचा खरा नाद म्हणजे जुन्या पेपरांतली बुद्धिबळाची कोडी. 'पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात.' यात मात साधणारी पहिली चाल एकच असावी लागते. दुसरी सापडली की कोडं बाद. काकांकडे कात्रणांच्या वह्याच्या वह्या. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर चाली तपासणारं बुद्धिबळाचं इंजिन टाकून दिलं आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याहून खडूस कुणीतरी भेटलं. कंपनीतल्या मोजमापाच्या साधनावरून ते त्याला 'गेज' म्हणतात. "डोळ्याला दिसतं ते खरं नाही, वृषाली. गेज सांगेल ते खरं." भल्याभल्यांची कोडी त्यांनी लाल केली. तसा दिवस उगवला की स्वारी जिन्यात शीळ घालते.

एक कात्रण मात्र दोन वर्षं पिवळ्या टॅगवरच पडून होतं. विचारलं की "राहू दे." शेवटी मी वैतागले. "काका, माझं लग्न होल्डवर ठेवलंत त्याचं कारण तरी सांगितलंत. याचं काय?"

मग हळूहळू बाहेर आलं. ते कोडं त्यांच्या मित्राचं, भालेरावांचं. तरुणपणी दोघं काळेवाडीच्या एकाच चाळीत राहायचे, एकाच शिफ्टला जायचे. भालेरावांनी रचलेलं पहिलं कोडं पेपरात आलं. काकांनी त्यात दुसरी चाल शोधली, घोड्याची, आणि मित्राला एका शब्दाने न विचारता पेपरला पोस्टकार्ड धाडलं. पुढे एका रविवारी छापून आलं : कोडं सदोष, दोष दाखवणारे द. रा. सोनवणे. भालेरावांनी पुन्हा कोडं रचलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. लग्नाकार्यात भेटतात, तब्येत विचारतात. पटाचा विषय निघत नाही.

"मग आता कसली भीती?"

"तेव्हा गेज कुठे होतं? नुसत्या डोळ्याने बाद केलं मी. माझंच चुकलं असलं तर?"

परवा सकाळी दार वाजलं. काका म्हणाले, "चल. मला ते बटण दाबवत नाही."

मी पडद्यावर मोहरे मांडले. काकांनी ते कात्रणाशी तीनदा ताडून पाहिले. मी घोड्याची चाल दिली आणि बटण दाबलं. उत्तर यायला दोन सेकंद लागले असतील. काका पडद्याकडे पाठ करून उभे होते.

"वाच."

"मात होत नाही, काका."

काळ्याचं एक प्यादं शेवटच्या घरात पोचत होतं. तिथे सगळे त्याचा वजीर करतात, काकांनीही तेच धरलं होतं. इंजिनाने त्याचा घोडा केला. पांढऱ्या राजाला शह बसला आणि तीन चालींतली मात हुकली.

काकांनी कात्रणावरचा पिवळा टॅग सोडला. "चांगला माल होता. मी बाद केला." मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढं काटेकोर कशाला असावं माणसाने?

तासाभरात माझ्या स्कूटरवर मागे बसून ते तळेगावला भालेरावांकडे निघाले. चाकणच्या पुढे कंटेनर अंगावर येत होते. एरवी 'चाळीसच्या वर नको' म्हणून कान किटवणारे काका त्या दिवशी गप्प होते, त्यामुळे मी जास्तच घाबरले.

भालेरावांनी दार उघडलं. काकांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, "भालेराव, तुझं कोडं बरोबर होतं. प्याद्याचा घोडा होतो. चूक माझी." आणि हिरवा टॅग बांधलेलं कात्रण पुढे केलं.

"माहितीये," भालेराव म्हणाले. "त्याच रविवारी संध्याकाळी सापडलं मला."

"मग पेपरला कळवलं का नाहीस?"

"कार्ड लिहिलं होतं की. पोस्टात टाकायला निघालो, तर तुझी आई जिन्यात. पेपर घेऊन दारोदार फिरत होती. वाचता येत नव्हतं तिला, पण तुझं नाव कुठल्या ओळीत आहे ते कुणाकडून तरी पाठ करून घेतलं होतं. तिथे बोट ठेवून मलाच म्हणाली, 'बघ की रं, आमच्या दत्ताचं नाव छापलंय.' मग कसं टाकू कार्ड?"

भालेरावांनी कात्रण हातात घेतलं.

"पुन्हा कोडं रचलं असतं, तर बोलता बोलता हे निघालंच असतं. म्हणून तो नादच सोडला."

मला रडू आवरेना. भालेरावांनी टॅग उलटसुलट करून पाहिला. "तारीख टाकायची राहिली रे, दत्त्या."

काकांनी घाईघाईने खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. त्यांना तो रकाना काही दिसेना. शेवटी तारीख मी लिहिली.