विसंगत भिंत

किल्ल्यातल्या मेजवानीच्या दालनाची आता एकच भिंत शिल्लक होती आणि तीही काळीकुट्ट. कित्येक पिढ्यांच्या मेजवान्यांचा धूर तिने मुकाट्याने गिळला होता. पर्यटकांनी मोबाइल समोर धरला की शेकडो वर्षांपूर्वीचे दालन जसेच्या तसे दिसावे, म्हणून वारसा खात्याने ते संगणकावर पुन्हा उभारायचे ठरवले.

काम मिळाले खात्यातल्या पोरगेल्या चित्रकाराला. त्याला सगळे ‘पिक्सेल’ म्हणत. भिंतीसमोर मांडी ठोकून त्याने काजळीचा डाग न् डाग टिपला. पडद्यावर दालन जिवंत झाले. मधोमध धगधगती शेकोटी, छताशी कोंदलेला धूर, टेबलाखाली हाडकावरून भांडणारी कुत्री.

मग समितीची बैठक भरली. जो सदस्य दुरुस्ती सुचवत नाही त्याची हजेरी लागत नाही, असा खात्याचा नियम. आरोग्य विभागाने कुत्री हाकलली. अग्निशमन विभागाने शेकोटी विझवली. आता सरदारांना थंडी वाजणार, म्हणून त्यांना स्वेटर मंजूर झाले. खात्याच्या साहेबांची मेव्हणी सजावटतज्ज्ञ म्हणून आली होती. तिला एवढीच शंका होती, की शेकोटीच नाही तर भिंत काळी कशाने झाली? शंका बिनतोड होती. भिंत बदामी झाली.

पिक्सेल कळवळला. “साहेब, पण खरी भिंत काळीच आहे. अजून उभी आहे. चला, दाखवतो.”

“अरे बाळा,” साहेब मायेने म्हणाले, “चित्राला समितीची मंजुरी आहे. भिंतीला कुणाची आहे?”

दालन पर्यटकांनी डोक्यावर घेतले. तक्रार एकच, की प्रत्यक्ष जागा मोबाइलशी जुळत नाही. खात्याने तत्परतेने विसंगत भिंत पाडायचे ठरवले. मात्र लोकभावनेचा मान म्हणून सवलत ठेवली. रविवारी संध्याकाळपर्यंत एका जरी पर्यटकाने ‘ही भिंत राहू द्या’ म्हटले, तर ती राहील. खात्यातल्या कुणी तसे सुचवायचे मात्र नाही.

रविवारी पिक्सेल दिवसभर भिंतीला हात लावून उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. संध्याकाळी शेवटचे कुटुंब आले. ते तुमचे.

मोबाइल उंच धरून तुम्ही घरच्यांना म्हणालात, “बघा, किती छान जपलंय.” मग तो पिक्सेलच्या हातात दिलात.

“दादा, एक फोटो काढ ना आमचा. फक्त मागचं ते काळं काय आहे, तेवढं येऊ देऊ नकोस.”

फोटो सुरेख आला. फ्रेम करून घरच्या भिंतीवर लावलाय म्हणे तुम्ही.