'आई गं'चं पालुपद

"घाबरू नका बाई, हे कोणाच्या लक्षात राहणार नाही."

एक संगीतकार तिला फार वर्षांपूर्वी असं म्हणाला होता. डिस्कोचे दिवस होते. ती विशीतली, कोरसच्या मुलींत सगळ्यात कडेला उभी. तिच्या वाट्याला दोनच शब्द होते, 'ये ना'. नेमकी तिची वेळ आली आणि कोणाचा तरी धक्का लागून झांजेचं लोखंडी स्टँड तिच्या पायाच्या अंगठ्यावर आलं. 'ये ना'च्या जागी निघालं, 'आई गं'. ताल मात्र चुकला नाही. संगीतकार सकाळपासून "पुन्हा, पुन्हा" म्हणून थकला होता, स्टुडिओची वेळ संपत आली होती, तेव्हा तसंच रेकॉर्डवर गेलं. आपला आवाज विसरण्याजोगाच आहे, हे तिने मनावर घेतलं आणि गाणं सोडलं. त्याच वाद्यवृंदातल्या ड्रमवाल्याशी लग्न केलं. दोघांनी लाँड्री टाकली. धक्का कोणाचा, हे तिने कधी काढलं नाही. थंडीत अंगठा ठणकायला लागला की नवरा न सांगता तेल कोमट करून आणायचा. ती पाय पुढे करायची. संसार चालला होता.

आता आळीत ती लाँड्रीवाली काकू. गुडघे गेलेले, कंबर धरलेली, आणि वरच्या खोलीत एक मुलगा. कामधंदा म्हणावा तर तो गाण्यांचे तुकडे करतो. भंगारातून जुन्या तबकड्या आणायच्या, त्यातला चिमूटभर आवाज उचलायचा, खाली धम्-धम् ताल लावायचा आणि मशीनवर तोच तुकडा फिरवत राहायचा.

"आई, बघच तू," तो म्हणाला होता. "बसलेली माणसं उठवून दाखवतो."

"आधी तू सकाळी उठून दाखव."

एका दुपारी वरून हाक आली. "आई गं."

काकूने इस्त्री उभी केली आणि जिना चढली. "काय रे, भाजलं का?"

"कुठे काय? गाणं आहे."

ती खाली येते तोच, "आई गं." पुन्हा वर. पुन्हा गाणंच. असं तीनदा झाल्यावर ती जिन्यातच बसली आणि कळवळून म्हणाली, "आई गं."

वरून मुलगा ओरडला, "बाबा, मशीन बंद आहे, तरी वाजतंय कुठून?"

चौथ्यांदा तिने नीट ऐकलं. 'आई गं'च्या आधी बारीकसं 'खण्ण' होतं. लोखंडाचं. तिचा अंगठा ठणकला. समोर नवरा एकाच कॉलरवर इस्त्री फिरवत उभा होता. कॉलर पिवळी पडत चालली होती.

"ओळखीचं वाटतं का हो?"

"कोण? छे. मला हल्ली ऐकू कुठे येतं."

मुलगा जेवताना त्या आवाजाबद्दलच बोलायचा. "कोण बाई असेल गं? तबकडीवर नावही नाही, नुसतं 'आणि साथी'. पण काय लागलाय सूर! माणूस नाचताना हसतो आणि आतून रडतो."

"तिचा पाय मोडला असेल," काकू म्हणाली आणि ताट उचलून गेली.

तिला ते गाणं आवडायला लागलं होतं, हे मात्र ती बोलली नाही. तोच तुकडा परत परत यायचा. एकदा फिरवून सुरकुती जात नाही, म्हणून पुन्हा फिरणाऱ्या इस्त्रीसारखा. जुनं दुखणं तालात बसलं की दुखेनासं होतं, असं काहीसं. पण सांगायचं कोणाला, आणि कशाला? तो आवाज आपला म्हटल्यावर लेकाला सुरापेक्षा आईच दिसली असती.

मग एका कारखान्याच्या समारंभात त्याला वाजवायला बोलावलं. पहिलंच काम. "लोक उठले नाहीत तर मशीन विकतो आणि मामाच्या गोदामात जातो," तो म्हणाला. हे म्हणताना तो हसला, म्हणून काकूला जास्त लागलं.

सभागृहात भरदुपारची माणसं. जेवून जड झालेली, हाताची घडी घालून बसलेली. काकू कडेच्या खुर्चीवर, नवरा मागे दाराशी. ताल सुरू झाला. कोणी हललं नाही. एकाने जांभई दिली, ती पुढच्या रांगेत पसरत गेली. लेकाचा चेहरा ओल्या शर्टासारखा लोंबायला लागला.

काकूला बसवेना. निदान आपण तरी उठावं म्हणून ती खुर्चीला रेटा देऊन उठली, तर लोखंडी घडीची खुर्ची मिटली आणि तिची बोटं आत.

"आई गं!"

शेजारच्या खुर्चीवर निवेदिकेने माइक चालूच ठेवला होता. हाक सगळ्या भोंग्यांतून गेली. बरोबर तालावर.

लोकांनी माना वर केल्या. जमाखर्च विभागातल्या एक जाड बाई ओरडल्या, "आई गं!" मागच्या रांगेने उत्तर दिलं.

"अहो, खुर्ची," काकू कळवळली. "खुर्ची उघडा."

"खुर्ची!" सभागृह गरजलं. माणसं उठली आणि आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन नाचायला लागली. जांभईवाला गृहस्थ टेबलावर चढला. लेकाने आनंदाने तोही तुकडा उचलला आणि फिरवला: "खुर्ची उघडा, खुर्ची उघडा, आई गं."

खरी आई मात्र तशीच अडकलेली. शेवटी नवरा गर्दीतून कोपरं मारत आला, त्याने खुर्ची उघडली, बोटं सोडवली, आणि घाईघाईत ती खुर्ची तिच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवली.

खण्ण. "आई गं."

नाच आणखी रंगला.

संपल्यावर ती बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून बसली होती. पुढच्या वर्षीचं काम ठरवून मुलगा आला. "आई, तुझा आवाज डिट्टो त्या बाईसारखा लागला. कसं काय?"

काकूने पाण्यातून एक बोट काढून पाहिलं, परत बुडवलं. "ती बाई मीच आहे. आणि ते स्टँड तुझ्या बाबांनी पाडलं होतं."

मुलगा खालीच बसला. नवऱ्याचा चेहरा त्या दिवशीच्या कॉलरसारखा झाला. तो म्हणाला, "तुला माहीत होतं? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते," काकू म्हणाली, "तर तेल बंद झालं असतं."