डॉ. खांबेटे आणि रुसलेल्या बाईसाहेब

डॉ. खांबेटे रक्तवाहिन्यांना अहोजाहो करतात. पेशंटच्या नातेवाइकांशी दोन वाक्यांत आटपतात, पण दुर्बीण पोटात उतरली की सुरू. "नमस्कार बाईसाहेब! आज कुठं दडून बसलात?" मी त्यांच्या हाताखालची सिस्टर. पहिल्या दिवशी मी घाबरून "इथेच आहे सर" म्हणालेले.

एकदा आमच्या ठाण्याच्या हॉस्पिटलात दिवा गावाहून बामाकाकांना आणलं. रक्ताच्या उलट्या, चेहरा पांढराफटक. दुसरीकडे दोनदा दुर्बीण घालून झालेली. अल्सर नाही, काही नाही. "दारू पीत असतील," असं तिथं कोणीतरी म्हणालेलं, त्यामुळे त्यांची बायको हिराकाकू पेटलेली. "माळकरी मानूस हाय तो!"

काकांना भूल दिली. एकीकडे रक्ताच्या पिशव्या चढत होत्या. डॉक्टरांनी पोट धुऊन धुऊन पाहिलं. लख्ख!

"सर, काढा आता दुर्बीण," भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"काढू कशी? एखाद्याच्या पोटात अस्तराला खेटून एक जाडजूड धमनी असते. तिला टाचणीएवढं भोक पडतं. मनात आलं की भळाभळा वाहते, नाहीतर गप्प. सापडली नाही तर माणूस जातो." मग पडद्याकडे वळून, "बाईसाहेब, रुसलात का? चहा टाकू?"

वीस मिनिटं मनधरणी चालली. मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काकांचं बीपी धाडकन उतरलं आणि पडद्यावर लाल पिचकारी उडाली.

"अय्या, आलात!" डॉक्टर ओरडले आणि तिथल्या तिथे धमनीला क्लिप लावली. मग दुसरी. रक्त थांबलं. "छान दिसते हो क्लिप तुम्हाला. आता हलायचं नाही."

तिसऱ्या दिवशी काका भात मागायला लागले. डॉक्टर राउंडला आले, तर हिराकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"डाक्टर, त्या दिशी आत कंची बाई होती? मी दाराशी ऐकलाय सगला."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "धमनी होती हो ती. यांचीच."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग अचानक थांबून विचारलं, "तुमचे घरान कोन कोन हाय?"

"मी," डॉक्टर म्हणाले. जरा विचार करून, "आणि फ्रीज."

"मंग आयतवारी आमचे घरा जेवाला या. नाय बोलाचा नाय."

डॉक्टर बाहेर आले. कॉरिडॉरच्या टोकाशी मला गाठलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, जेवायला जाताना काय न्यायचं असतं हो? मला पुष्कळ वर्षांत कोणी बोलावलेलं नाही."

लिहून घ्यायला त्यांनी पेन उघडून धरलं होतं.