साडूंसमोर लाईट जाईना

जनरेटर घ्यायचा निश्चय धनराज दराड्यांनी केला तो नाशिकला, साडूंच्या घरी जेवताना. लाईट गेली, पण एक ट्यूब आणि एक पंखा मात्र चालूच राहिला. साडू वाल्मीकराव हातातला घास तसाच धरून म्हणाले, "इन्व्हर्टर आहे! तुमच्या लासलगावात काय, दिवसभर अंधारच असेल ना?" धनराजांना पुढचा घास गोड लागला नाही. बियाण्यांचं चालतं दुकान, बाजार समितीच्या रस्त्यावर दुमजली घर, आणि एका ट्यूबपायी मान खाली! हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"डिझेलचा जनरेटर घ्यायचा," घरी पोचताच त्यांनी जाहीर केलं. "फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार, सगळं चालंल. इन्व्हर्टर म्हंजी काय, मोठी बॅटरीच की!"

"घ्या," आशाबाई म्हणाल्या. "पण घरात आवाज आला तर मी माहेरी जाईन. आधीच दारात दिवसभर ट्रॅक्टर धडधडत असत्यात."

ते खरंच होतं. कांद्याच्या लिलावाची रांग हंगामात थेट त्यांच्या दारापर्यंत यायची. रांग इंचाइंचाने सरकायची, म्हणून कुणी इंजिन बंद करायचं नाही. त्या घरात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत आणि पाहुणे त्याला भांडण समजत.

काम नजीर मिस्त्रींकडे गेलं. कांद्याच्या बड्या व्यापाऱ्यांच्या गोदामांत जनरेटर बसवले ते नजीर मिस्त्रींनी, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला खुशाली विचारायच्या आधी सांगत. आल्याआल्या त्यांनी जुन्या वायरिंगला नावं ठेवली, मग ती करणाऱ्या मिस्त्रीला, आणि मग मशीन पुढच्या ओट्यावर ठेवू म्हणणाऱ्या खुद्द धनराजांना.

"शेठ, ओट्यावर माणसं बसत्यात. मशीन मागं, परसात. विटांची खोली, आतून जाड अस्तर, दुहेरी दार, धुराचा पाइप वर. पॅनल ऑटोमॅटिक. लाईट गेली की मशीन आपोआप चालू, आली की आपोआप बंद. कुणी हात लावायचा नाय. तुम्ही तर बिलकुल नाय."

"आणि आवाज?" आशाबाईंनी विचारलं.

"भाभी, काम नजीरचं हाये." यापुढे बोलणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

मशीन आलं. आशाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, धनराजांनी नारळ फोडला आणि पहिला खोबऱ्याचा तुकडा नजीर मिस्त्रींना दिला. खोलीला दार बसायच्या आधीच मिस्त्रींनी मशीन चालू करून दाखवलं, तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली आणि समोरच्या माळ्यावरून कुणीतरी खाली डोकावलं. धनराजांची छाती फुगली. त्यांनी तिथूनच साडूंना फोन लावला. "शनिवारी आमरसाला या! बाराला आमची लाईट जाती, त्याच्या आत या. मग बघा!"

दुहेरी दार आणि पॅनलची शेवटची जोडणी शनिवारी सकाळी झाली. "आता मशीनला विसरून जा," असं बजावून नजीर मिस्त्री दुसऱ्या कामाला गेले.

साडूंची गाडी बाराच्या आत गावात आली खरी, पण ट्रॅक्टरच्या रांगेत अडकली. धनराज आणि आशाबाई दोघंही रस्त्यावर धावले. एक ट्रॅक्टर मागे घ्यायला लावला, दुसरा बाजूला, तिसऱ्याशी वाद झाला. गाडी दारात लागेपर्यंत बारा वाजून गेले होते. सगळे घामाघूम होऊन घरात शिरले, तर पंखा गरगर फिरत होता.

"बरं झालं, अजून गेली नाय," धनराज म्हणाले. "बसा. आता बघाच."

सगळे पंख्याकडे बघत बसले. पंखा फिरत होता. आमरसाच्या वाट्या भरल्या गेल्या, पोळ्या निवल्या, कुरडया मऊ पडल्या.

"वाढू का?" आशाबाईंनी विचारलं.

"थांब. लाईट जाऊ दे."

"दाजींना भूक लागली असंल हो."

"जेवता जेवता जाईलच की," वाल्मीकराव गालातल्या गालात हसत म्हणाले. "नाहीतर राहू दे. होतं असं. नवीन वस्तू असते, उत्साह असतो."

ते शेवटचं वाक्य धनराजांच्या वर्मी लागलं. त्यांनी वीज मंडळाच्या ऑफिसात फोन लावला. "अहो, आज लाईट का नाय घालवली अजून?"

पलीकडचा माणूस उखडला. म्हणाला, "चेष्टा करायला आम्हीच सापडलो का?" आणि फोन आपटला. पंखा फिरतोय म्हणून घाम फुटलेला माणूस त्या घराने पहिल्यांदाच पाहिला.

"सोपं आहे," वाल्मीकराव म्हणाले. "मेन स्विच पाडा. लाईट गेल्यासारखंच झालं."

धनराज उठले आणि मोठ्या ऐटीत त्यांनी मेन खाली ओढला. पंखा फिरतच राहिला. त्यांनी मेन वरखाली केला, पुन्हा खाली ओढून ठेवला. पंख्याचं काही बिघडलं नाही. फ्रीजसुद्धा गुणगुणत होता.

वाल्मीकराव जवळ आले आणि धनराजांच्या कानाशी म्हणाले, "धनराजराव, घरातलं माणूस म्हणून विचारतो. आकडा टाकलाय का हो?"

"आकडा? मी?" धनराज असे ओरडले की पाणी प्यायला फाटकात आलेले ट्रॅक्टरवाले तिथेच थांबले. "सात पिढ्यांत कुणाची काडी नाय उचलली आमी! अन् लाईट चोरू?"

चोरीचा शब्द फाटकाबाहेर गेला आणि चार माणसांची दहा झाली. धनराजांनी नजीर मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री आले ते तोंड लाल करूनच. सगळं ऐकून घेतल्यावर ते वाल्मीकरावांकडे वळले.

"आकडा? माझ्या कामात? या इकडं, साहेब. सगळेच या."

वरात परसात गेली. नजीर मिस्त्रींनी बाहेरचं दार उघडलं, मग आतलं. धडधडधड! मशीन केव्हाचं जोरात चालू होतं. बारा वाजता, सगळे रस्त्यावर गाडी सोडवत असतानाच लाईट गेली होती. दार लावल्यावर जो थोडा आवाज बाहेर येत होता, तो इतक्या ट्रॅक्टरमध्ये कुणाला वेगळा कळणार?

"घर दुपारपासून याच्यावर चाललंय," नजीर मिस्त्री म्हणाले. "बोला, कळलं का कुणाला?"

धनराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेला तासभर ज्याला ते मनातल्या मनात शिव्या देत होते, ते बिचारं मुकाट्याने त्यांची लाज राखत होतं. "बघा वाल्मीकराव!" ते गर्जले. "याला म्हणत्यात..."

आणि मशीन बंद पडलं.

"पडलं," वाल्मीकराव हळूच म्हणाले.

"पडलं नाय! लाईट आली!" नजीर मिस्त्री ओरडले.

"बरोबर आत्ताच?"

धनराजांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "आशा! मेनला हात लावला का?"

"वर केला!" आतून आवाज आला. "खाली पडला होता, म्हणून!" म्हणजे लाईट मधेच आली होती; मेन खाली असल्याने मशीनला ते कळलं नव्हतं.

"पाड तो! पाड आधी!"

मेन पडला. सगळे मशीनकडे वाकले. मशीनने एकदा खाकरून घेतलं आणि मग असं काही उसळलं की ट्रॅक्टरवाल्यांनी टाळ्याच वाजवल्या. वाल्मीकरावांनी दोन्ही हात जोडले. "मानलं, धनराजराव! मानलं!"

"चला मग, जेवायला आत," आशाबाई दारात येऊन म्हणाल्या.

धनराजांनी एकवार दुहेरी दाराकडे पाहिलं. ते लावलं की पुन्हा काही ऐकू येणार नव्हतं, काही दिसणार नव्हतं. आणि साडूंच्या मनाचा भरवसा कोणी द्यावा?

"ताटं इकडंच आण," ते म्हणाले.

मग वैशाखाच्या उन्हात, परसातल्या फरशीवर सतरंजी टाकून पंगत बसली. मशीन धडधडत होतं, कपाळावरचा घाम आमरसात पडत होता, आणि धनराज प्रत्येक पोळीला वाल्मीकरावांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते, "पंखा बी चालू हाये बरं का आत!"